पाण्याची जागा : मुंबईच्या भरावाची तीनशे वर्षे

फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्रे कुक या इंग्रज अधिकाऱ्याने पोर्तुगिजांकडून मुंबईचा ताबा घेतला. १६६१ च्या विवाह-करारात हे बंदर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले होते. प्रत्यक्ष ताबा मिळायला पुढची चार वर्षे गेली. ‘मुंबई’ म्हणजे नेमकी किती जमीन, माहीम तिच्यात धरायचे की नाही, यावरून दोन्ही बाजू भांडत राहिल्या. ते भांडण सहज मिटण्यासारखे नव्हतेच. ओहोटीला चिखलातून चालत जिथे जाता येई, तिथे सहा तासांनी होडी घालावी लागे. जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, याचे उत्तर दिवसातून चार वेळा बदलत होते.

कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती सात बेटे. त्यांच्यामध्ये उघडा समुद्र फारसा नव्हता. खाड्या होत्या, खाजणे होती, तिवरांची राने होती. महालक्ष्मीची टेकडी आणि वरळी यांच्यामध्ये पश्चिमेला मोठे भगदाड होते. भरतीचे पाणी तिथून आत शिरे आणि भायखळ्यापर्यंत, थेट पायधुणीपर्यंत पसरे. ओहोटी लागली की तेच पाणी परत जाई. पावसाळ्यात टेकड्यांवरून उतरणारे गोडे पाणीही याच वाटेने समुद्राला मिळे. दोन्ही पाण्यांना यायला, थांबायला आणि जायला जागा होती.

त्या जागेवर माणसेही जगत होती. कोळी डोल जाळी मांडत, बायका खडपांवरून कालवे काढत, खाजणात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत. आगरी मीठ पिकवत आणि भात लावत, भंडारी माडाची माडी काढत. समुद्राला बांध घालणे हे इंग्रजांनी कोकणाला शिकवले, असेही नाही. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर खारजमिनीला माती-दगडांचे बांध घालून भात पिकवण्याची रीत जुनी होती. ज्यांनी मुख्य बांध घातला, त्यांच्याकडे त्याची राखण राही आणि शेतकरी त्यांना शिलोत्री नावाचा वाटा देत. या बांधांना उघाडी असे. भरतीचे पाणी बाहेर रोखायचे आणि ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, हे काम ती उघाडी करी. बांध जितका महत्त्वाचा, तितकीच पाण्याची वाट महत्त्वाची, हे त्या रचनेत गृहीत होते. पुढच्या तीनशे वर्षांत बांध वाढत गेले आणि उघाडी मात्र विसरली गेली. मुंबईच्या किनाऱ्याचा इतिहास मला या एका विसरातून वाचता येतो.

१६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीचे नोकर इथे येत आणि तापाने मरत. नव्याने आलेला युरोपीय माणूस इथे दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त जगत नाही, अशी म्हणच त्या काळी पडली होती. डासांचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिद्ध केला. तोवर दोष दिला गेला तो दलदलीवरच्या हवेला आणि माडांच्या मुळाशी खत म्हणून घातल्या जाणाऱ्या कुजक्या मासळीला. दलदल बुजवली तर ताप जाईल आणि वर सारा देणारी जमीन मिळेल, असा दुहेरी विचार लंडनच्या संचालकांनी केला. १८ व्या शतकाच्या सुरुवातीपासून लहानसहान भगदाडे बुजवण्याची कामे सुरू झाली. मोठे भगदाड मात्र दाद देत नव्हते.

ते बुजवण्याचे श्रेय गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांना दिले जाते. ते १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. संचालकांनी खर्चाला परवानगी नाकारली, हॉर्नबींनी काम तरीही सुरू केले आणि बडतर्फीचे पत्र आले ते काम पुरे होईपर्यंत खिशात ठेवले, अशी कथा सांगतात. कागदपत्रांतून ती जशीच्या तशी उभी राहत नाही. मराठी माणसांनी जपलेली कथा वेगळी आहे. दगड टाकावेत आणि समुद्राने ते गिळावेत, असे वारंवार घडल्यावर रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराच्या स्वप्नात देवी आली. वरळीच्या खाडीतून आपल्या मूर्ती बाहेर काढाव्यात, असे तिने सांगितले. मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला. ज्या देवळात आज नवरात्रात रांगा लागतात, ते महालक्ष्मीचे देऊळ धाकजी दादाजी यांनी १८३१ मध्ये बांधले. पाण्याच्या जागेवर हात घालायचा तर आधी परवानगी मागावी लागते, ही जाणीव त्या कथेत तरी शिल्लक राहिली आहे.

१७८४ च्या सुमारास बांध पुरा झाला आणि बेटांच्या मधला सखल भाग समुद्रापासून सुटला. भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा, महालक्ष्मी या परिसराचा मोठा भाग त्यातून मिळाला. कोरडा मात्र तो झाला नाही. ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. समुद्र बाहेर राहिला, पण मलबार हिल आणि माझगावच्या टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी आत अडकले. १९ व्या शतकात शहराचा कचरा आणून हा भाग भरण्याचे काम दीर्घकाळ चालले. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी वरळीच्या लव्हग्रोव्हकडे नेणारी नाली काढली गेली, तिला दरवाजे बसवले गेले, पुढे पंप बसवले गेले. लव्हग्रोव्हला आजही पंप चालतात. जे काम ओहोटी फुकट करत होती, ते शहराला तेव्हापासून पैसे मोजून करावे लागत आहे.

यानंतर बांधांची रांगच लागली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात, १८०३ च्या सुमारास, शीव ते कुर्ला हा बांध झाला आणि मुंबई उत्तरेच्या साष्टी बेटाला जोडली गेली. १८३८ मध्ये कुलाबा जोडला गेला. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला प्रवास तेव्हा होडीने होई आणि पावसाळ्यात तो जिवावर बेते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी तिथे रस्ता बांधण्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. या रस्त्यावर जकात घेऊ नये, अशी त्यांची अट होती. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. त्या दानाने असंख्य लोकांचे हाल वाचले आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटावी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, तीही सखल खाजणांतून भराव घालत गेली. १८६० मध्ये शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून मिठी नदीच्या माथ्यावर विहार तलाव बांधला गेला. यातले प्रत्येक काम गरजेचे होते. तरीही सगळी एकत्र पाहिली की दिसते ते असे : माहीमच्या खाडीत येणारे भरतीचे पाणी पूर्वेकडे अडले, नदीचा वरचा प्रवाह अडला, आणि मधल्या पाण्याला पुलांखालच्या चिंचोळ्या वाटा तेवढ्या उरल्या. एकेका कामाचा आराखडा होता. सगळ्या पाण्याचा आराखडा कुणाकडेच नव्हता.

इथवर भरावामागे काही तरी गरज होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षे शहरात पैसा अक्षरशः ओतला गेला. तो पैसा जिरवायला नवनव्या कंपन्या निघाल्या आणि त्यांतल्या सर्वांत झगमगत्या कंपन्या समुद्र बुजवण्याच्या होत्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरसाठी व्यापारी, कारकून, वकील सगळे धावले. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे होते. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिची किंमत कागदावर रोज वाढत होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्यात जमा झाले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी शहर दिवाळखोर झाले. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. पाण्याची जागा आधी विकायची आणि मग बुजवायची, ही रीत मात्र या पाच वर्षांत रुजली आणि ती बुडाली नाही.

पूर्व किनाऱ्यावर भराव थांबला नाही. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक झाला. या शेवटच्या गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. मुंबईचे वैभव या गोद्यांवर उभे आहे. त्याच वेळी मांडवीसारख्या कोळीवाड्यांसमोरचा किनारा गोदी, रेल्वेमार्ग आणि वखारींच्या मागे गेला. दारातून पाण्यात होडी लोटणाऱ्या माणसाला पाण्यापर्यंत पोचायला आता फाटके ओलांडावी लागू लागली.

बॅकबेचे भूत पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा उठले. डिसेंबर १९१८ मध्ये जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून आले. शहरात घरांची भीषण टंचाई होती आणि हातात पुन्हा युद्धकाळाचा पैसा होता. १९२० मध्ये त्यांनी स्वतंत्र विकास खाते काढले. कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसवून कामगारांसाठी चाळी बांधायच्या आणि बॅकबेमध्ये समुद्र हटवून श्रीमंतांसाठी व कचेऱ्यांसाठी जमीन तयार करायची, असा बेत होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी ही त्या खात्याची एक निर्मिती. बॅकबेची भिंत ही दुसरी.

योजना ११४५ एकरांची होती आणि तिचे आठ भाग पाडले होते. सर जॉर्ज बुकॅनन या अभियंत्याच्या अंदाजावर ती उभी होती. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत समुद्रात भिंत घालायची, तिच्यासाठी कांदिवलीच्या टेकडीचा दगड रेल्वेने आणायचा, आणि बंदराच्या तळाचा गाळ उपसून तो नळांतून कुलाबा ओलांडून भिंतीच्या आत सोडायचा, अशी कल्पना होती. उपसणीच्या जहाजाला ‘सर जॉर्ज लॉइड’ असेच नाव दिले होते. प्रत्यक्षात तळाची चिकणमाती धरलेल्या अंदाजापेक्षा घट्ट निघाली आणि जहाज अपेक्षेच्या मानाने फारच कमी गाळ उपसू लागले. जो गाळ आत पडे, त्यातला बराचसा भिंतीच्या दगडांमधल्या फटींतून पुन्हा समुद्रात जाई. पंप चालत राहिले, करदात्याचा पैसा जात राहिला आणि जमीन काही वर येईना. कापसाची तेजीही तोवर ओसरली होती. तयार होणारी जमीन घेणार कोण, हा प्रश्न होता.

या कारभाराविरुद्ध उभे राहिले ते खुर्शेद फ्रामजी नरिमन. हे तरुण पारशी वकील कायदे कौन्सिलात निवडून आले होते. त्यांनी खात्यातल्या गैरव्यवहारांवर थेट बोट ठेवले. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्याविरुद्ध आरोप करून तो न्यायालयात टिकवणे सोपे नव्हते; १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या सदस्यांमध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. अंदाज आणि तपासण्या यांतल्या ढिलाईचे वाभाडे त्या चौकशीत निघाले. अखेर आठांपैकी चारच भाग पुरे करण्यात आले आणि मधले चार सोडून देण्यात आले. कुलाब्याकडचा मोठा तुकडा लष्कराला गेला, उत्तरेकडच्या भिंतीवर मरीन ड्राइव्ह झाला. आज त्या रस्त्यावरच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारशात आहेत, आणि समुद्राच्या माऱ्यापासून भिंत वाचवायला तिच्यापुढे काँक्रीटचे टेट्रापॉड टाकावे लागले आहेत.

नरिमन यांनी उघडकीला आणलेल्या गोष्टीचे सार पैशांच्या अफरातफरीपुरते नव्हते. समुद्राचा तळ, भरतीचा जोर, गाळाचा स्वभाव यांची पुरती पाहणी न करता शहराचे भविष्य त्यांच्यावर टाकले गेले, हा मूळ दोष होता. तो धडा स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी घेतला नाही. सोडून दिलेल्या मधल्या भागांवर पुन्हा भराव पडू लागला, आणि १९७० च्या दशकात तिथे उंच कचेऱ्या आणि कफ परेडच्या इमारती उभ्या राहिल्या. राजकारणी पिलू मोदी यांच्यासारख्या लोकांनी विरोध केला, नागरिक न्यायालयात गेले. मच्छीमार वस्ती इमारतींच्या सावलीत आक्रसली. त्या भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. ज्या माणसाने या भरावाचा हिशेब मागितला, त्याचे नाव लावताना त्याने मागितलेला हिशेब कुणी दिला नाही.

याच दशकात शहराने दुसरे मोठे पाऊल उचलले, आणि ते किनाऱ्यापासून आत, मिठीच्या काठावर होते. दक्षिण मुंबईवरचा ताण कमी करण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली. जिथे संकुल उभे राहिले ती माहीमच्या खाडीची पाणथळ होती. तिवरे, चिखल आणि मिठीचे पसरट मुख. विमानतळाच्या धावपट्टीखालून जाण्यासाठी नदीला त्याआधीच काटकोनात वळवले होते. काठांवर वस्त्या, कारखाने आणि भंगाराची गोदामे वाढली होती. नदी म्हणून तिचे नावही लोक विसरले. सगळे तिला नाला म्हणू लागले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद ७३ मिलिमीटर होती. दुपारी मोठी भरती होती. मिठीला समुद्राकडे जाता येईना आणि पसरायला खाजण उरले नव्हते, म्हणून ती कुर्ला, कलिना, धारावीच्या घरांत शिरली. शेकडो माणसे गेली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नंतर पात्राचे आकुंचन, भराव आणि अतिक्रमणे यांची सविस्तर नोंद केली. शहरातल्या १८६ पर्जन्यजल निकासांपैकी अवघे ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत, हे तर त्याआधीच माहीत होते. मोठ्या भरतीत बाकीच्यांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. इतका पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे खरे आहे. मात्र तो पाऊस ज्या जागेत पसरला असता, ती जागा माणसांनीच विकून टाकली होती.

यानंतर काही गोष्टी सुधारल्या आणि त्याची नोंद घ्यायला हवी. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे सांगितले. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी मोठे पंप बसले. लोकांनी लढून मिळवलेल्या या गोष्टी आहेत.

भराव मात्र थांबला नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र बुजवला गेला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून कोळ्यांच्या बोटी बाहेर पडतात, तिथे पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरचे अंतर ठरले होते. या पाण्यात लाटा कशा येतात आणि वारा बोटीला कुठे ढकलतो, हे रोज अनुभवणाऱ्या कोळ्यांनी ते अपुरे असल्याचे सांगितले. काम अडवल्यावर आणि वर्षे झगडल्यावर ते १२० मीटर झाले. ज्यांना पाणी कळते त्यांना आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारले असते, तर हा झगडा लागलाच नसता. पावसाचे पाणी आजही धरून ठेवणारी मिठागरेही आता बांधकामाच्या नकाशात आली आहेत. त्यांतली सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी ठरली आहे.

आणि ही गोष्ट मुंबईपुरती राहिलेली नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथे समुद्रात १४४८ हेक्टरांचा भराव व्हायचा आहे. बॅकबेची जी मूळ योजना अवाढव्य म्हणून अर्धी सोडावी लागली, तिच्या तिपटीहून हे क्षेत्र मोठे आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि शेतकरी वर्षानुवर्षे विचारत आले आहेत की आमच्या मासळीचे, खडपांचे आणि खाडीच्या पाण्याचे काय होणार.

मुंबईच्या तीनशे वर्षांनी त्यांच्या प्रश्नाला वजन दिले आहे. बंदर हवे, रस्ते हवेत, घरे हवीत. अवाबाईंचा रस्ता हवाच होता. पण यापुढे कोणत्याही भरावाचा नकाशा जाहीर होईल, तेव्हा तुम्ही-आम्ही त्यात किती एकर जमीन मिळणार हे शोधण्याआधी एक गोष्ट शोधली पाहिजे : हटवलेले पाणी कुठे जाणार, ते लेखी दाखवले आहे का? जनसुनावणीत, ग्रामसभेत, वॉर्डाच्या कचेरीत हा प्रश्न विचारा. लेखी उत्तर मिळेपर्यंत भरावाला संमती देऊ नका.